जॉर्ज फेरिस आणि त्याचा रहाटपाळणा

वणीस रंगनाथस्वामींची यात्रा भरूं लागली कीं वर्गांतील मुलांचें लक्ष फळ्यावरून उडतें, हा आमचा नेहमींचा अनुभव आहे. बैलांचा बाजार, भांड्यांचीं व खेळण्यांचीं दुकानें, भज्यांच्या कढया, या सर्वांची ओढ असतेच. परंतु मुलांचा खरा जीव अडकलेला असतो तो दुरून दिसणाऱ्या उंच आकाशपाळण्यांत. आमच्या वाडवडिलांच्या वेळीं त्यास रहाटपाळणा म्हणत. विहिरीवरील रहाटाला जशीं गाडगीं बांधलेलीं असतात, तसे चाकाला पाळणे बांधलेले, म्हणून तें नांव. चार पाळण्यांचा तो लांकडी रहाट एक-दोन माणसें हातांनीं फिरवीत. आजचा पाळणा लोखंडी असून यंत्रावर चालतो. तो सुट्या भागांनीं मालमोटारींतून येतो, थोड्या दिवसांत उभा राहतो, आणि यात्रा उठली कीं पुन्हां सुटा होऊन पुढच्या गांवीं जातो.

गेल्या यात्रेनंतर एका विद्यार्थ्यानें आम्हांस असें विचारलें कीं, एवढें मोठें चाक उभें करण्याची कल्पना प्रथम कोणाच्या डोक्यांत आली असेल? या प्रश्नाचें उत्तर पांच मिनिटांत देऊन मोकळें होण्याजोगें नव्हतें. म्हणून तें आम्ही येथें विस्तारानें देत आहों. इंग्रजी भाषेंत या पाळण्यास फेरिसचें चाक असें म्हणतात. हा फेरिस कोण होता, त्यानें काय केलें आणि त्याच्या पदरीं काय पडलें, ही हकीकत मुलांप्रमाणें त्यांच्या पालकांनींही वाचण्यासारखी आहे. कारण तिचा शेवट क्रमिक पुस्तकांतील चरित्रांच्या शेवटासारखा गोड नाहीं.

जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस याचा जन्म १४ फेब्रुवारी १८५९ रोजीं अमेरिकेच्या इलिनॉय प्रांतांतील गेल्सबर्ग या गांवीं झाला. हें गांव जॉर्ज वॉशिंग्टन गेल नांवाच्या एका धर्मोपदेशकाच्या पुढाकारानें वसलें होतें. उजाड माळावर वसाहत करावी आणि तिच्या आधारानें एक विद्यालय चालवावें, असा त्याचा बेत होता. नॉक्स कॉलेज हें त्याच बेताचें फळ होय. फेरिसचे आजोबा सिल्व्हेनस फेरिस हे या गांवाच्या संस्थापकांपैकीं एक होते. आणि त्या धर्मोपदेशकाविषयींच्या आदरानें त्याचेंच संपूर्ण नांव प्रथम मुलास व पुढें नातवास ठेवण्यांत आलें.

जॉर्ज पांच वर्षांचा असतां त्याचें कुटुंब पश्चिमेकडील नेव्हाडा प्रांतांत गेलें. तेथील कार्सन खोऱ्यांत त्याच्या वडिलांनीं शेती केली, आणि पुढें कार्सन सिटी या राजधानींत पूर्वेकडून आणविलेलीं अनेक झाडें लावून त्या रुक्ष गांवास सावली दिली. कार्सन नदीवर पाण्याच्या जोरानें फिरणारें एक मोठें चाक होतें. लहानगा जॉर्ज तासन् तास त्याच्याकडे पाहत बसे व त्या चाकावर बसून वर जातां आलें तर काय मौज येईल याचा विचार करी, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो. परंतु पाण्याचा रहाट पाहून माणसांचा रहाट सुचावा हें आम्हां मराठी माणसांस मुळींच नवल वाटत नाहीं. आमच्या भाषेनें तो संबंध केव्हांच जोडून ठेविला आहे.

कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथील एका लष्करी शाळेंत शिक्षण पुरें करून जॉर्ज न्यूयॉर्क प्रांतांतील ट्रॉय या गांवीं, रेन्सेलर या नामांकित तांत्रिक महाविद्यालयांत दाखल झाला व १८८१ सालीं इंजिनियर होऊन बाहेर पडला. प्रारंभीं त्यानें रेल्वेचीं कामें केलीं. पश्चिम व्हर्जिनियांतील एका कोळशाच्या कंपनींत असतां त्यानें कानावा नदीवर कोळसा नेण्यासाठीं पूल बांधला व बोगदे खणविले. वणीच्या आसपासच्या खाणींत ज्यांचे वडील काम करितात, त्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, या जगप्रसिद्ध पाळण्याच्या कर्त्याचे हातही कोळशानें काळे झालेले होते.

त्या काळीं पूल बांधण्यास लोखंडाऐवजीं पोलाद नुकतेंच प्रचारांत येत होतें. हा माल किती भार सोसेल, तो कोठें ठिसूळ आहे, कारखानदारानें सांगितलेला कस त्यांत खरोखर आहे कीं नाहीं, हें पारखून सांगणाऱ्या माणसांची फार जरूर होती. फेरिसनें पिट्सबर्ग या पोलादाच्या नगरींत अशी पारख करणारी पेढी काढली. रेल्वेवाले व पूल बांधणारे तिच्याकडून माल तपासून घेत. पारखी मनुष्याचें काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. पूल उभा राहिला तर स्तुति बांधणाराची होते. पडला तर मात्र पारखणाराची आठवण होते. परंतु याच कामानें फेरिसला पोलादाचा स्वभाव कळला, आणि पुढें सारें जग ज्यास वेडेपणा म्हणत होतें, तें साध्य आहे असें तो निश्चयानें सांगूं शकला.

कोलंबसच्या सफरीस ४०० वर्षें झाल्याच्या निमित्तानें शिकागो येथें १८९३ सालीं एक जागतिक प्रदर्शन भरविण्याचें ठरलें. स्वामी विवेकानंद ज्या सर्वधर्मपरिषदेस गेले, ती याच प्रदर्शनाच्या अनुषंगानें त्या वर्षाच्या सप्टेंबर महिन्यांत भरली होती. तत्पूर्वीं चार वर्षें, १८८९ सालीं, पॅरिसच्या प्रदर्शनांत गुस्ताव आयफेल यानें ३०० मीटर उंचीचा लोखंडी मनोरा उभारून जगास थक्क केलें होतें. शिकागोच्या प्रदर्शनाचा मुख्य शिल्पकार डॅनियल बर्नहॅम यास अशी उत्कंठा लागली कीं, आपल्या देशानेंही त्याच्या तोडीचें, पण त्याची नक्कल नव्हे असें कांहीं तरी दाखवावें. जो तो अधिक उंच मनोऱ्याची योजना घेऊन येई. बर्नहॅमनें इंजिनियरांच्या एका मेळाव्यांत त्यांच्या कल्पनाशून्यतेबद्दल त्यांस बोल लाविला. श्रोत्यांत फेरिस होता. तो बोल त्याच्या मनास लागला. पुढें शिकागोंतील एका भोजनप्रसंगीं कागदावर आंकडे मांडतां मांडतां त्यानें चाकाचा आराखडा काढला. त्या दिवशीं ठरविलेलीं मापें शेवटपर्यंत जवळजवळ तशींच कायम राहिलीं, असें सांगतात.

चाकाचा व्यास २५० फूट. जमिनीपासून माथ्याची उंची २६४ फूट, म्हणजे पंचवीस-सव्वीस मजल्यांच्या इमारतीएवढी. परिघाला टांगलेले ३६ डबे आणि प्रत्येक डब्यांत ६० माणसें. सर्व डबे भरले म्हणजे एका वेळीं २,१६० माणसें आकाशांत! समितींतील जाणत्या लोकांस हें ऐकून हसूं आलें. चाक इतकें नाजूक दिसत होतें कीं, तें स्वतःच्याच भारानें चेपून जाईल असें त्यांस वाटलें.

त्यांची शंका कोठें चुकली हें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. आपल्या बैलगाडीच्या चाकास तुंब्यापासून धावेपर्यंत जाड लांकडी आरे असतात. गाडीचा भार खालच्या आऱ्यांवर उभा राहतो. म्हणून आरे जाड हवेत. सायकलीच्या चाकाची गोष्ट निराळी. त्याच्या तारा बारीक असतात. तार दाबली तर वांकते, पण ताणली तर मोठा ओढ सहन करिते. म्हणून सर्व तारा आधींच ताणून बसविलेल्या असतात. फेरिसनें हेंच तत्त्व घेतलें. जाड तुळयांच्या ऐवजीं त्यानें बारीक पोलादी कांबी आंसापासून परिघापर्यंत ताणून बसविल्या. चाकाचा खालचा अर्धा भाग त्या कांबींनीं आंसाला टांगलेला, आणि वरचा अर्धा भाग त्या खालच्या भागावर कमानीसारखा उभा, अशी ती रचना होती. त्याचा सहकारी विल्यम ग्रोनौ यानें प्रत्येक भागावर पडणाऱ्या ताणाचें व वाऱ्याच्या माऱ्याचें गणित बारकाईनें मांडलें. जें डोळ्यांस दुर्बळ दिसत होतें, तें गणितास बळकट दिसत होतें.

येथें एक गोष्ट सांगणें आम्हांस न्यायाचें वाटतें. फिरत्या पाळण्याची मूळ कल्पना फेरिसची नव्हे. पीटर मंडी नांवाच्या इंग्रज प्रवाशानें १६२० सालीं तुर्की अमलाखालील मुलखांत असे लांकडी पाळणे पाहून त्यांचें वर्णन लिहून ठेविलें आहे. आपल्या जत्रांतूनही ते पिढ्यान् पिढ्या फिरत आले. शिकागोच्या अगोदर विल्यम सोमर्स नावाच्या अमेरिकनानें अटलांटिक सिटी येथें ५० फुटांचीं लांकडी चाकें चालविलीं होतीं, व पुढें त्यानें फेरिसवर दावाही लाविला. परंतु तो निकालांत टिकला नाहीं. फेरिसचें श्रेय कल्पनेचें नव्हे. जें ५० फुटांवर थांबलें होतें तें पोलादाच्या ज्ञानानें २५० फुटांवर नेण्याचें आहे.

समितीनें १८९२ च्या उन्हाळ्यांत परवानगी दिली आणि लागलीच परत घेतली. फेरिस खचला नाहीं. नकाशे व हिशेब तयार करण्यांत त्यानें पदरचे हजारों डॉलर घातले, भागीदार गोळा केले, प्रतिष्ठित इंजिनियरांचा पाठिंबा मिळविला, आणि अखेर १६ डिसेंबर १८९२ रोजीं कायमची परवानगी पदरांत पाडून घेतली. प्रदर्शन १ मे रोजीं उघडावयाचें होतें. मध्यें जेमतेम साडेचार महिने. आणि तेही शिकागोच्या हाडें गोठविणाऱ्या हिवाळ्याचे!

एवढ्या थोड्या अवधींत सर्व माल पुरविणें कोणत्याही एका कारखान्यास शक्य नव्हतें. म्हणून निरनिराळे भाग निरनिराळ्या कारखान्यांकडून करवून घ्यावे लागले. दूरदूरच्या गांवीं घडलेला एक भाग दुसऱ्यास तंतोतंत जुळला पाहिजे. येथें फेरिसचा पारख्याचा धंदा कामास आला. मध्यवर्ती आंस बेथलेहेम येथील कारखान्यानें घडविला. तो ४५ फुटांहून अधिक लांब, ३३ इंच व्यासाचा व पोकळ असून त्याचें वजन सुमारें ४० टन होतें. त्या काळीं अमेरिकेंत एवढा मोठा तुकडा कोणी घडविला नव्हता. इकडे पायाची जमीन गोठून दगड झालेली, आणि तिच्याखालीं ओली वाळू. मजुरांनीं वाफ सोडून जमीन वितळविली, पाणी उपसलें, व तसल्या थंडींत गरम पाणी वापरून कांक्रीट घातलें. त्या पायावर १४० फूट उंचीचे दोन मनोरे उभे राहिले, आणि तो प्रचंड आंस त्यांच्या माथ्यावर चढविण्यांत आला. प्रत्यक्ष जागेवरील देखरेख ल्यूथर राइस यानें केली.

प्रदर्शन उघडलें तेव्हां चाक अपुरें होतें. ९ जून रोजीं तें प्रथम डब्यांवांचून फिरविण्यांत आलें. फेरिस त्या वेळीं पिट्सबर्गास होता. चाक सुरळीत फिरल्याची वार्ता त्यास तारेनें कळली. दोन दिवसांनीं डबे जोडून चाचणी झाली, तेव्हां त्याची पत्नी मार्गारेट ही धैर्यानें डब्यांत बसली. २१ जून १८९३ रोजीं चाक लोकांस खुलें झालें. भाडें अर्धा डॉलर. म्हणजे संपूर्ण प्रदर्शनाच्या प्रवेशाएवढेंच. त्यांत दोन फेरे मिळत व सुमारें वीस मिनिटें लागत. पहिल्या फेऱ्यांत माणसें चढण्या-उतरण्यासाठीं चाक थांबत थांबत जाई. दुसरा फेरा न थांबतां होई. वाफेचीं १,००० अश्वशक्तींचीं दोन यंत्रें होतीं. एक चालविण्यासाठीं, दुसरें अडचणीच्या वेळेकरितां राखलेलें. हें दुसरें यंत्र पाहून आम्हांस त्या माणसाच्या सावधपणाचें कौतुक वाटतें.

जुलै महिन्यांत प्रचंड वादळ झालें. प्रदर्शनांत दोरास बांधून उडविण्यांत येणारा मोठा फुगा फाटून नष्ट झाला. चाक मात्र आपल्या जागीं स्थिर राहिलें. नोव्हेंबरच्या प्रारंभीं तें बंद झालें, तोंवर चौदा लाखांहून अधिक लोकांनीं भाडें देऊन त्यांतून फेरा मारिला होता आणि सव्वासात लाख डॉलरांहून अधिक उत्पन्न झालें होतें. एकाही उतारूस चाकाच्या दोषामुळें इजा झाली नाहीं.

येथें ही कथा संपती तर ती क्रमिक पुस्तकांत शोभली असती. परंतु उत्पन्नाच्या वांटणीवरून फेरिसची कंपनी आणि प्रदर्शनाचे चालक यांच्यांत तंटा लागून प्रकरण कोर्टांत गेलें. देणेकऱ्यांचा तगादा सुरू झाला. प्रदर्शनाची जागा तर सोडणें भाग होतें. १८९४ सालीं चाक उतरविण्यास ८६ दिवस लागले. तें शिकागोच्याच उत्तर भागांत क्लार्क रस्त्याजवळ १८९५ सालीं पुन्हां उभारण्यांत आलें, आणि भोंवतीं करमणुकीचें उद्यान करण्याचा बेत झाला. परंतु शेजारच्या गृहस्थांस आपल्या घरांजवळ गर्दी व गोंगाट नको होता. त्यांनीं विरोध केला. उद्यानांत दारू विकण्याचा परवाना नाकारण्यांत आला. आणि चाक जागेवर असूनही लोक येईनात. शेजाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. जें चाक सहा महिन्यांच्या उत्सवांत आनंद देतें, तेंच बारा महिने खिडकीपुढें फिरूं लागलें तर उपद्रव होतो. आमच्या यात्रेंतील पाळणेवाला ही गोष्ट जाणतो. म्हणून तो यात्रेबरोबर येतो आणि यात्रेबरोबर जातो. फेरिसच्या कंपनीस ती कळली नाहीं.

कर्जानें फेरिसला घेरलें. आपल्या हिश्श्यावर त्यास पाणी सोडावें लागलें. १८९६ सालीं पत्नीही त्याच्यापासून विभक्त झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यास विषमज्वर झाला, आणि २२ नोव्हेंबर १८९६ रोजीं पिट्सबर्ग येथील रुग्णालयांत त्यानें देह ठेविला. त्या वेळीं त्याचें वय अवघें ३७ वर्षांचें होतें. अंत्यविधीचा खर्च कोणीं न दिल्यामुळें त्याच्या अस्थि वर्षाहून अधिक काळ तशाच अडकून पडल्या होत्या. ज्याच्या चाकावर लाखों लोक हसत वर गेले, त्याची ही अखेर!

चाक मात्र धन्याच्या मागें दहा वर्षें टिकलें. ३ जून १९०३ रोजीं लिलावांत तें १,८०० डॉलरांस विकलें गेलें. तें बांधण्यास सुमारें चार लाख डॉलर खर्च झाला होता, हें वाचकांनीं ताडून पाहावें. विकत घेणारांनीं तें सेंट लुईस येथील १९०४ च्या जागतिक प्रदर्शनास नेलें. त्याकरितां मालगाडीचे १७५ डबे लागले. आपल्या भागांतून कोळसा नेणाऱ्या मालगाडीस सुमारें ५८ डबे असतात. तशा तीन गाड्या भरूनही कांहीं भाग मागें राहता! तेथें पुन्हां तेच चाक, त्याच आंसावर, त्याच कांबींनीं उभें राहिलें आणि लोकांस घेऊन फिरूं लागलें. तीन जागीं उभारून आणि दोनदां सुटें होऊनही त्याचें जुळणें बिघडलें नाहीं. पारख्याच्या हातच्या कामाची याहून निराळी पावती ती कोणती? प्रदर्शनानंतर मात्र त्याचा कोणी वाली उरला नाहीं. ११ मे १९०६ रोजीं सुरुंग लावून तें पाडण्यांत आलें व भंगार म्हणून विकलें गेलें. त्याचा आंस तेथील उद्यानांत कोठें तरी पुरलेला आहे, अशी सेंट लुईसकरांची समजूत आहे.

परंतु त्याचीं भावंडें यापूर्वींच जन्मास आलीं होतीं. लंडन येथें १८९५ सालीं, व्हिएन्ना येथें १८९७ सालीं व पॅरिस येथें १९०० सालीं तशींच प्रचंड चाकें उभीं राहिलीं. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या चाकाचे डबे उतरवून त्यांत निराश्रित कुटुंबांनीं संसार थाटले होते. व्हिएन्नाचें चाक पाडण्याची परवानगी १९१६ सालीं निघाली. परंतु पाडण्यासही पैसा नव्हता, म्हणून तें वांचलें. दुसऱ्या महायुद्धांत तें जळालें, पुन्हां दुरुस्त झालें, आणि आजही फिरत आहे. २००० सालापासून लंडनमध्यें टेम्स नदीच्या कांठीं १३५ मीटर उंचीचें चाक आहे, आणि त्यांतही सायकलीच्या तारांचेंच तत्त्व आहे.

आतां पालकांनीं आम्हांस असें विचारावें कीं, ज्याचा शेवट दारिद्र्यांत झाला त्याचें चरित्र मुलांपुढें कशास मांडावें? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. फेरिसच्या हातून चुका घडल्या. कराराचा कागद त्यानें पोलादाइतक्या बारकाईनें पारखला नाहीं. आणि एकदां यश आलें म्हणून तें सर्वत्र येईल, असें धरून चालला. या चुका मुलांनीं ओळखाव्या व टाळाव्या. परंतु त्याचें आयुष्य वायां गेलें असें म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. पैसा न मिळणें आणि काम खोटें ठरणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आमच्या शाळेंतून दरवर्षीं मुलें परीक्षेस बसतात. सर्वांस सारखें यश येत नाहीं, आणि पुढील आयुष्यांत तर श्रमाचें मोल कोणास किती मिळेल याची हमी कोणीच देऊं शकत नाहीं. हमी एकाच गोष्टीची आपल्या हातीं आहे: आपण बसविलेला सांधा निसटूं नये. चौदा लाख माणसें फेरिसच्या शब्दावर नव्हे, तर त्याच्या कामावर विश्वासून वर गेलीं, आणि सुखरूप खालीं आलीं.

पुढील यात्रेंत पाळण्यांत बसण्यापूर्वीं मुलांनीं क्षणभर थांबून त्याचा आंस व कांबी न्याहाळाव्या. तेथेंच हातीं पाना घेऊन उभा असलेला एक मनुष्य दिसेल. यात्रेकरू निजले तरी तो एकेक बोल्ट पुन्हां आवळून पाहत असतो. त्याचें नांव आपणांस ठाऊक नसतें, आणि त्याची कोणी स्तुतिही करीत नाहीं. खालीं उतरल्यावर त्याच्याशीं एक आदराचा शब्द बोलावा. तो जॉर्ज फेरिसलाही पोंचेल असें आम्हांस वाटतें.